बोंडगावच्या पेशंटला काय हवं होतं?

केसगळतीच्या पेशंटला काय हवं असतं, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं : केस! तेल विकणारा हेच म्हणतो, हेअर ट्रान्सप्लांटवाला हेच म्हणतो, आणि थोड्या सभ्य भाषेत सरकारी यंत्रणाही हेच म्हणते. हे उत्तर अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत बुलढाणा जिल्ह्यातल्या अठरा गावांनी मोजली आहे.

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांतून एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागल्या. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. काहींना त्याआधी डोकेदुखी, ताप, उलट्या-जुलाबही झाले होते. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतले २७९ लोक या यादीत गेले. त्यांत पुरुष होते, बाया होत्या, शाळकरी पोरं होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. वयामुळे किंवा वारशाने पडणारं टक्कल असं पडत नाही. ते वर्षानुवर्षं हळूहळू सरकतं. एकाच घरातल्या दोघा-तिघांचे केस एकाच आठवड्यात गळतात तेव्हा डोक्यावर काहीतरी झालेलं नसतं, पोटात काहीतरी गेलेलं असतं. निदान तशी शंका पहिल्या दिवशी यायला हरकत नव्हती.

शंका घेतली गेली ती पेशंटच्या सवयींवर. कुठला शांपू वापरता? अंघोळ कुठल्या पाण्याने करता? मग कळलं की ज्यांनी जन्मात शांपू लावलेला नाही त्यांचेही केस गेलेत. त्यानंतर बुरशीजन्य संसर्गाची चर्चा झाली आणि मलमं दिली गेली. मग पाण्याचे नमुने तपासले, त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. आता ही गावं आहेत खारपाणपट्ट्यातली. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातलं भूगर्भातलं पाणी खारं आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोक पिढ्यान् पिढ्या ते पाणी पीत आलेत, त्यापायी मूत्रपिंडाचे आजार सोसत आलेत. पण त्या पाण्याने आजवर कधी तीन दिवसांत टक्कल पडलं नव्हतं. जुनं दुखणं नव्या दुखण्याचं उत्तर म्हणून पुढे करायचं, म्हणजे दोन्हींची जबाबदारी टळते.

दरम्यान वृत्तवाहिन्यांनी या आजाराचं बारसं करून टाकलं : ‘टक्कल व्हायरस’. विषाणूचा पुरावा शून्य. पण या दोन शब्दांनी जे केलं ते कुठल्याही विषाणूला जमलं नसतं. व्हायरस म्हटलं की संसर्ग आला, संसर्ग म्हटलं की अंतर आलं. कोविडला अजून पाच वर्षंही झाली नव्हती, शब्दाची धास्ती ताजी होती. पाहुणे यायला बिचकू लागले, ठरलेली लग्नं मोडली, मुलींचं कॉलेज सुटलं. लाज टाळण्यासाठी अनेकांनी उरलेले केसही उतरवून टाकले. त्या दिवसांत या लोकांना सगळ्यांत आधी जे हवं होतं ते मिनॉक्सिडिल नव्हतं. त्यांना हवं होतं एक वाक्य, लेखी, सहीशिक्क्यासह आणि शेजारच्या गावातल्या चावडीवर लावलेलं : हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. एवढा कागद काढायला किती खर्च येतो?

कागदाऐवजी मिळाला तो धीर. ‘घाबरून जाऊ नका, जीवाला धोका नाही.’ हे वाक्य ऐकायला सौम्य वाटतं, पण त्याच्या पोटात एक हिशेब दडलेला आहे. जीव जात नसेल तर ते दुखणं दुय्यम, सौंदर्याचं, बायकी, श्रीमंतांचं. शेतमजुराच्या घरातल्या पोरीने केसांसाठी रडावं म्हणजे जरा अतीच, असा तो सूर असतो.

मराठी समाजाने तरी हा सूर लावू नये. केस म्हणजे नुसतं सौंदर्य नव्हे, हे आपल्याइतकं कुणी पक्कं ओळखलेलं नाही. नवरा मेल्यावर बाईचं केशवपन करणारा हाच समाज. तिला संसारातून, सणासमारंभातून, माणसांतून वजा करायचं तर दागिने काढून भागत नाही, केस काढावे लागतात, हे इथे शतकानुशतकं माहीत होतं. म्हणूनच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला, तेव्हा तो केसांबद्दलचा संप नव्हता. ज्या समाजात केस नसणं ही शिक्षा होती, त्या समाजात कॉलेजातल्या मुलीचं डोकं आठवड्यात उघडं पडतं आणि आपण तिला सांगतो की जीवाला धोका नाही!

ही भावुकता वाटत असेल तर दूरचं एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ११ सप्टेंबर २०१७ रोजी एक बैठक घेतली. विषय होता अलोपेशिया एरिआटा, म्हणजे आपण ज्याला चाई म्हणतो तो आजार. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठते. त्या दिवशी बोलायचं होतं पेशंटांनी आणि त्यांच्या घरच्यांनी : रोज काय सोसता, उपचाराकडून काय हवं आहे? लोकांनी जे सांगितलं त्यात आरशातल्या रूपाएवढाच वेळ दुसऱ्या गोष्टींनी घेतला. पापण्या गेल्या की डोळ्यात धूळ जाते. नाकातले केस गेले की नाक वाहत राहतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भरवसा नसणं. आज आलेले केस उद्या राहतील का, हे कुणीच सांगत नाही. माणसं शाळा टाळतात, नोकरीच्या मुलाखती टाळतात, आणि त्याची नोंद कुठल्याच तपासणीत होत नाही. जून २०२२मध्ये या आजाराच्या तीव्र प्रकारासाठी बॅरिसिटिनिब या गोळीला तिथे मान्यता मिळाली. श्रेय अर्थातच विज्ञानाचं. पण ‘हा गंभीर आजार आहे’ हे आधी कुणीतरी ऐकून घेतलेलं असावं लागतं, तेव्हाच गंभीर औषधाचा विचार होतो.

शेगाव तालुक्यात ऐकणारे आले नाहीत असं नाही. जानेवारी २०२५मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं पथक आलं, दिल्लीच्या एम्सचे तज्ज्ञ आले. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आयुष खात्याचे आणि आरोग्य खात्याचेही राज्यमंत्री. तेही गावात आले. रक्त घेतलं, लघवी घेतली, केस-नखं घेतली, पाणी, माती, धान्य घेतलं. पथकांनी गावातून जे नेता येतं ते सगळं नेलं. प्रश्न आहे तो परत काय आणलं याचा.

उत्तराकडे जाणारा पहिला ठोस धागा गावाला वर्तमानपत्रातून मिळाला, आणि तो सरकारी नव्हता. रायगड जिल्ह्यातल्या महाडला राहून विंचूदंशावर जगाने दखल घ्यावी असं काम केलेले पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःच्या खर्चाने या गावांत गेले. त्यांनी लोकांचे आणि घरातल्या गव्हाचे नमुने घेऊन ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासले. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस त्यांनी निष्कर्ष सांगितला : रेशनच्या गव्हात सेलेनियम. स्थानिक गव्हाच्या तुलनेत जवळपास सहाशे पट. लोकांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. जस्ताचं प्रमाण मात्र घटलेलं.

गव्हातला त्यांचा आकडा होता किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम. गहू धुऊन तपासला तर १३.६१. म्हणजे धुऊन जेमतेम सहा टक्के फरक. हे विष दाण्यावर बसलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. आता साधा हिशेब करू. सेलेनियम शरीराला लागतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. या गव्हाचं शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे तीनेक पोळ्या, पोटात गेल्या की सुमारे १,४५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जातं. मर्यादेच्या साडेतीन पट, तेही एका जेवणात. कष्टाचं काम करणारा माणूस दिवसाला तीन पोळ्यांवर थांबत नाही.

जास्त सेलेनियमने केस आणि नखं गळतात, हे काही २०२५ साली लागलेले शोध नव्हेत. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच घडलं होतं. २००८ साली अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात लेबलवर लिहिल्याच्या दोनशे पट सेलेनियम पडलं आणि २०१ लोक आजारी झाले. केस गळणं हे त्यांच्यातलं ठळक लक्षण. आणि आपल्याच देशात पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागांत शिवालिकच्या पायथ्याशी जमिनीत सेलेनियम जास्त आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले संशोधक कित्येक वर्षं ते मोजत आलेत. तिथल्या गुरांचे खूर आणि माणसांची नखं-केस यांच्यावरचे परिणाम त्यांनी नोंदवून ठेवलेत. रेशनवर पंजाब-हरियाणाचा गहू येतो, हे रेशनच्या रांगेत उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ही माहिती एका खात्याच्या कपाटात आणि गहू दुसऱ्या खात्याच्या गोदामात. मधे कुणी भेटलं नाही.

यावर आक्षेप घेता येतात, आणि ते घ्यायला हवेत. एका डॉक्टरने घेतलेले मोजके नमुने. पंजाबचा गहू साऱ्या महाराष्ट्रात जातो, मग याच अठरा गावांत का? एकाच घरातल्या एकाचे केस गेले, दुसऱ्याचे राहिले, ते कसं? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचं उत्तर कुठे मिळेल? गव्हाची खेप कुठल्या मंडईतून उचलली, कुठल्या रेल्वेने आली, कुठल्या गोदामात उतरली, कुठल्या दुकानांना वाटली, हा सगळा हिशेब सरकारकडे असतो. सरकारी पथकांनी घेतलेले शेकडो नमुनेही सरकारकडेच. बावस्करांचा निष्कर्ष चूक असेल तर तो खोडून काढायची सामग्री ज्यांच्या हातात आहे, त्यांनी ती उघडून दाखवावी. नमुने मोजके आहेत म्हणून एका म्हाताऱ्या डॉक्टरला हसायचं आणि आपले नमुने कुलपात ठेवायचे, याला शास्त्रीय काटेकोरपणा म्हणत नाहीत.

एप्रिल २०२५मध्ये याच गावांतल्या लोकांची नखं गळू लागली. आधी कमकुवत झाली, चिरली, मग निखळली. सेलेनियमची विषबाधा ज्याने पाठ्यपुस्तकात वाचली आहे त्याला यात नवल नव्हतं; केसांनंतर नखं, हा ओळखीचा क्रम आहे. पण गावाला तो क्रम कुणी आधी सांगितला नव्हता. तोवर आयसीएमआरचा अहवालही गावापर्यंत पोचलेला नव्हता. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी स्वतःचं रक्त देणाऱ्या माणसाला त्या रक्तात काय सापडलं हे माहीत नाही, आणि आता त्याच्या बोटांची नखं पडत आहेत. पुन्हा पथक, पुन्हा नमुने, पुन्हा धीर.

काही आठवड्यांनी बऱ्याच जणांचे केस परत येऊ लागले होते. म्हणून प्रकरण मिटलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढंच सांगावं : केस कशाने आले? मलमाने, गोळ्यांनी, की घरातला तो गहू संपला म्हणून? सेलेनियमच्या विषबाधेवर हुकमी उतारा नाही. विष पोटात जाणं थांबवायचं, बाकी शरीर आपलं आपण सावरतं. हे खरं असेल तर इथला उपचार दवाखान्यात नव्हताच. तो रेशन दुकानातल्या पोत्यात होता. आणि कारण न शोधता केलेला उपचार नेहमी निरुपद्रवी असतो असंही नाही. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत सेलेनियम असतं. ज्याच्या अंगात आधीच ते ओसंडून वाहतंय, त्याने घाबरून मेडिकलमधून तीच गोळी आणली तर?

बाजाराबद्दलही बोलायला हवं, कारण जिथे सरकार गप्प बसतं तिथे बाजार बोलतो. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात काही आजारांची यादी आहे. हे आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही, असं कायदा सांगतो. त्या यादीत टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत दिसणारी ‘टकलावर केस उगवा’ ही जाहिरात बहुतेक वेळा उघड कायदेभंग असते. ती चालते, कारण केसगळती हा आजार आहे असं कायद्याच्या यादीखेरीज कुणी मानत नाही. डॉक्टर दोन मिनिटांत ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून मोकळा होतो, आणि जाहिरातवाला निदान ऐकून घेतल्याचं नाटक तरी करतो. पेशंट त्याच्याकडे जातो तो मूर्ख म्हणून नव्हे. त्याला कुणीतरी विचारलेलं असतं म्हणून.

मग पेशंटला काय हवं असतं? चाईचा पेशंट असो, केमोथेरपीची बाई असो, वारशाने टक्कल पडणारा पंचविशीतला पोरगा असो, की बोंडगावची शेतमजूर. मागण्या वेगळ्या दिसल्या तरी त्यांचा गाभा एक असतो. हे का झालं ते सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा. अजून काय होऊ शकतं ते आधी सांगा. किती दिवस वाट बघायची ते सांगा. माझ्यामुळे माझ्या पोराला होईल का ते सांगा. आणि माझी चूक नाही हे माझ्या शेजाऱ्याला सांगा. केस ही या यादीतली शेवटची मागणी नसेल, पण एकटी मागणी नक्कीच नाही. गंमत म्हणजे यातल्या एकाही गोष्टीला महागडं औषध लागत नाही. लागतो तो वेळ आणि थोडा प्रामाणिकपणा, आणि नेमका त्याचाच तुटवडा असतो.

बुलढाण्याच्या पेशंटांची आणखी एक मागणी आहे, जी मुंबई-पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या दारात कुणी करत नाही : खायला विष नसलेला गहू द्या. याच पूर्णेच्या खोऱ्यात कोरडवाहू बन्सी गहू पिकायचा आणि रोजच्या ताटात ज्वारीची भाकर असायची. आता शेतात कपाशी आणि सोयाबीन आहे, आणि ताटातली पोळी हजारभर किलोमीटरवरून येते. अन्नसुरक्षा कायद्याने दरडोई पाच किलो धान्याची हमी २०१३ साली दिली, आता ते फुकट मिळतं. ही हमी मोलाची आहे, ती कुणी काढून घेऊ नये. पण ज्याला दुसरा पर्याय नाही त्याला दिलेलं धान्य जास्त काटेकोरपणे तपासायला हवं. आज सरकारी खरेदीच्या वेळी गव्हात ओलावा किती, खडे-माती किती, आक्रसलेले आणि किडके दाणे किती, हे बघतात. सेलेनियम त्या यादीत नाही. डोळ्याला दिसतं तेवढंच आपण तपासतो, आणि या गव्हातलं विष डोळ्याला दिसत नव्हतं.

फुकटच्या धान्याला नावं ठेवू नयेत, असाही एक सूर निघतो. तो काढणाऱ्यांच्या घरी रेशनचा गहू शिजत नाही.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. ज्याचं रक्त, केस, नखं नेली त्या प्रत्येकाच्या हातात त्याचा तपासणी अहवाल द्या, मराठीत. आयसीएमआरचा संपूर्ण अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. संशयित खेपेचा गहू कुठून कुठे गेला त्याची नोंद खुली करा आणि तो गहू ज्यांच्या घरी अजून असेल त्यांना बदलून द्या. ज्या जिल्ह्यांच्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे हे माहीत आहे, तिथून खरेदी होणारा गहू सेलेनियमसाठी तपासल्याशिवाय गोदामाबाहेर काढू नका. या २७९ लोकांची तपासणी निदान काही वर्षं ठरावीक काळाने करत राहा. ज्यांची मजुरी बुडाली, ज्यांचं शिक्षण तुटलं, त्यांना भरपाई द्या. आणि ‘टक्कल व्हायरस’ म्हणणाऱ्या वाहिन्यांनी, ज्या ठळकपणे तो शब्द चालवला त्याच ठळकपणे, असा कुठलाही व्हायरस नव्हता हे सांगावं.

यातली एकही मागणी केसांची नाही. केस तर त्या माणसांचे त्यांनीच उगवले.